तारेहे म्हणजे तारीख

केनियात मका दळणाऱ्या गिरणीला पोशो मिल म्हणतात. बाजाराच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत, डिझेल इंजिनाच्या धडधडीत ती चालते. दुपारनंतर बायका-मुलं मक्याची गाठोडी घेऊन येतात आणि रात्रीच्या उगालीपुरतं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्यापुरतं, पीठ घेऊन जातात. जानेवारी २०२३ मध्ये मी नैरोबीला गेलो तो या गिरण्या विकायला. आमची कंपनी भारतात हॅमर मिल, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी धान्य कुटून दळणाऱ्या गिरण्या, बनवते. पूर्व आफ्रिकेत तिचा माल आधी दोन-चार व्यापाऱ्यांमार्फत जायचा. तिथे स्वतःचं ऑफिस थाटायचं ठरलं आणि विचारणा माझ्याकडे आली. मशिनं बनवण्यात माझी बारा वर्षं गेली होती, विकण्यात जेमतेम दोन. मी हो म्हणालो आणि त्याच दिवसापासून सगळ्यांना तारखा सांगत सुटलो.

बायकोला सांगितलं, एप्रिलमध्ये तुम्ही दोघी तिकडे. मुलीला सांगितलं, मे महिन्यात नवी शाळा. कंपनीला सांगितलं, पहिला कंटेनर मार्चअखेर मोंबासा बंदरात. यातली एकही तारीख माझ्या हातातली नव्हती.

नोकरीसाठीचं वर्ग ‘डी’चं परमिट कंपनीनं अर्ज केल्यावर मिळतं. हे काम करणारा माणूस देशात सहजी मिळत नाही हे दाखवावं लागतं, आणि परदेशी माणसाच्या हाताखाली तेच काम शिकणारा एक केनियन माणूसही दाखवावा लागतो. त्याला ‘अंडरस्टडी’ म्हणतात. आमच्याकडे जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातून शिकलेली एक तरुण अभियंता या जागेवर आली. मला तेव्हा ती फॉर्ममधली एक अट वाटली होती. पुढे मी जे काही धड केलं त्यातलं निम्मं तिच्यामुळे झालं, हे आत्ताच सांगून टाकतो.

परमिट येईपर्यंत तात्पुरत्या स्पेशल पासवर काम चाललं. पण परमिट नाही म्हणून आयकराचा पिन, म्हणजे करदात्याचा क्रमांक, नाही, पिन नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून घरमालक करार करायला तयार नाही. आमच्या अर्जात माझ्या पदवीची साक्षांकित प्रत जोडायची राहून गेली होती. चूक आमचीच, आणि तिच्यापायी दोन महिने गेले. परमिट जूनमध्ये हाती पडलं. घरचे जुलैत आले ते सुती कपडे घेऊन, कारण बॅगांची यादी मी जानेवारीतलं ऊन बघून केली होती आणि नंतर बदललीच नव्हती. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै हा तिथला थंडीचा महिना. मुलीनं पहिला आठवडा माझ्या स्वेटरमध्ये काढला.

जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: केनियातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. जायच्या गडबडीत हे मागे पडतं. निघण्याआधीच उरकून घ्या.

स्वाहिलीसाठी मी संध्याकाळचा क्लास लावला. मराठी माणसाला ही भाषा पहिल्याच दिवशी थोडी ओळखीची वाटते. अरबीतून आणि हिंदी महासागरावरच्या जुन्या व्यापारातून आलेले शब्द दोन्हीकडे नांदतात. हेसाबु म्हणजे हिशेब, वाकिली म्हणजे वकील, बिमा म्हणजे विमा, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख. आणि तारेहे म्हणजे तारीख. मामा म्हणजे मात्र आई, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला तसंच हाक मारायची. ते तोंडात बसायला मला बरेच दिवस लागले.

घड्याळ वेगळं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. विषुववृत्तालगत सूर्य बाराही महिने साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणून हा हिशेब कधी बिघडत नाही. आपलं पंचांगही दिवस सूर्योदयापासूनच धरतं, तेव्हा मला हे परकं वाटायला नको होतं. पण नाकुरूच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर ‘सा तातु’ सांगितलं, तातु म्हणजे तीन एवढंच मला ठाऊक, आणि मी दुपारी तीनला त्याच्या दारात. तो सकाळी नऊपासून वाट बघून कंटाळून निघून गेला होता.

आणखी एक शब्द रोज कानावर पडायचा: तुताओना. आपल्या भाषेत ‘बघू’. ऑर्डर कधी देता? तुताओना. पैसे कधी? तुताओना. माणसं टाळताहेत असंच मी धरून चाललो होतो. स्वतः मात्र प्रत्येक बैठकीतून उठताना वार आणि तारीख सांगूनच उठायचो. मला ती व्यवसायाची शिस्त वाटायची.

बाजाराचा अभ्यास मी एक्सेलमध्ये करून गेलो होतो. मका कुठे किती पिकतो, गावं किती, वीज किती घरांत पोचली. वीज पोचली होती हे खरंच. पण खेड्यांतल्या बऱ्याचशा लाइनी सिंगल फेजच्या आणि आमची १० अश्वशक्तीची मोटर थ्री फेजची. पहिल्या कंटेनरमधल्या चाळीस मशिनांपैकी पंचवीस विजेवरची होती. ती एल्डोरेट आणि किटालेच्या बाजारपेठांत हळूहळू खपली. खेड्यांना डिझेलवरची हवी होती. २५ ऑगस्टच्या रात्री देशभर वीज गेली, नैरोबीचा विमानतळसुद्धा अंधारात बुडाला, आणि दुसऱ्या दिवशी डिझेल इंजिनांची चौकशी वाढली. त्यानंतर महिन्याभरातच डिझेल लिटरला २०० शिलिंगच्या वर गेलं. ज्या बाईनं इंजिनाचा हिशेब १६०-१७० च्या भावानं मांडला होता तिचा हिशेब तिथेच कोलमडला. हे माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं.

पैशांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणारा माणूस सगळ्यात जास्त पोळतो तो तिथे.

रोजचा व्यवहार एम-पेसावर चालतो. ते २००७ मध्ये सुरू झालं, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, आणि साध्या बटणांच्या फोनवर, बँकेत खातं नसतानाही चालतं. भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं त्याच्यावर. हे बघून मला वाटलं, पैशांची बाजू इथे सोपी आहे. पण एम-पेसा रोखीचं साधन आहे आणि आमचा धंदा उधारीचा. हार्डवेअरची आणि शेतीच्या औषधांची दुकानं, ज्यांना तिथे अ‍ॅग्रोव्हेट म्हणतात, ९० दिवसांची उधारी मागायची आणि पुढच्या तारखेचे चेक द्यायची. मी दिली. न देणाऱ्याकडून माल घेतं कोण?

माझा माल डॉलरमध्ये यायचा आणि शिलिंगमध्ये विकला जायचा. मी उतरलो तेव्हा एका डॉलरला १२३ शिलिंग पडायचे. जुलैत १४१, वर्ष सरताना १५६, आणि जानेवारी २०२४ च्या शेवटी १६० च्याही पुढे. जून २०२४ मध्ये सरकारला दोन अब्ज डॉलरचे रोखे फेडायचे होते, ते फेडता येतील का या धास्तीनं सगळा बाजार डॉलर धरून बसला होता. ऑगस्टमध्ये १४३ च्या भावानं विकलेल्या मशिनाचे पैसे मला नोव्हेंबरात मिळाले तेव्हा भाव १५२ होता. म्हणजे गिऱ्हाइकानं ठरल्या तारखेला, पूर्ण रक्कम, प्रामाणिकपणे दिली आणि तरी माझे जवळजवळ सहा टक्के गेले.

एल्डोरेटच्या एका वयस्क गुजराती व्यापाऱ्यानं मला त्याची वही दाखवली. प्रत्येक उधारीपुढे तारीख, आणि तारखेखाली बारीक अक्षरात त्या दिवसाचा डॉलरचा भाव. नुसती तारीख कशाला लिहायची, असं त्यानं मला विचारलं; त्या तारखेला पैशाची किंमत काय होती ते नको का? त्याच्या दुकानाला तीन पिढ्या झाल्या होत्या. आपल्याकडे अनेकांना वाटतं की तिथले भारतीय म्हणजे रेल्वेवर नेलेल्या मजुरांचे वंशज. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार मजूर भारतातून नेले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले आणि उरलेल्यांतले बहुतेक करार संपल्यावर परतले. दुकानदार आले ते पुढे, रुळांच्या मागोमाग. २०१७ मध्ये केनिया सरकारनं भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरीही ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, या शब्दात एक अंतर असतंच: हा दुकानात असतो, आपल्या अंगणात येत नाही. मी हे मनाला लावून घेतलं. अंगणात जायचं असं ठरवलं, पण जायला निमित्त मिळालं ते माझ्याच चुकीनं.

किमिलिलीच्या बायकांनी आमचं मशीन सप्टेंबर २०२३ मध्ये घेतलं. किमिलिली बुंगोमा काउंटीत, माउंट एल्गनच्या बाजूला. नैरोबीहून नाकुरू, एल्डोरेट, वेबुये करत पूर्ण दिवसाचा रस्ता. त्यांचा बावीस जणींचा चामा होता. चामा म्हणजे आपला बचत गट आणि भिशी एकत्र केल्यासारखं. बैठकीला दर आठवड्याला हजेरी, पैसे वहीत, उशिरा येणारीला दंड. मशीन पावणेदोन लाख शिलिंगचं. पन्नास हजार त्यांनी एकदम दिले, बाकीचे साडेबारा हजारांचे दहा हप्ते, दर महिन्याच्या ५ तारखेला. ऑक्टोबरचा हप्ता ४ तारखेलाच आला, नोव्हेंबरचाही.

त्या वर्षी एल निन्योचा पाऊस झाला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडे मका काढणीचा काळ, आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबेना. मका साठवायचा तर ओल साडेतेरा टक्क्यांच्या आत हवी. लोक रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर जमेल तसा वाळवत होते, आणि त्याबरोबर खडे-वाळू भरली जात होती. ओला मका हॅमर मिलच्या चाळणीत चिकटतो. चाळणी तुंबली की चालवणारा आणखी रेटतो, खड्यांनी हातोड्यांची धार जाते, आणि एक दिवस एखादी हातोडी तुटून चाळणीतून आरपार जाते. १४ नोव्हेंबरला सकाळी चामाच्या खजिनदार बाईंचा फोन आला: “माशिने इमेकुफा.” मशीन मेलं.

मी म्हणालो, मामा, गुरुवारी पार्ट पोचतील.

पार्ट मोंबासात होते, बंदरात उभ्या असलेल्या कंटेनरमध्ये. केनियात जाणारा बराचसा माल जहाजावर चढण्याआधी निघण्याच्या देशातच तपासून घ्यावा लागतो आणि तसं प्रमाणपत्र सोबत लागतं. सुट्या भागांची पेटी आमच्या लोकांनी शेवटच्या दिवशी कंटेनरमध्ये टाकली होती, ती प्रमाणपत्राच्या यादीत नव्हती, आणि यादी मी ताडून पाहिली नव्हती. एका पेटीपायी सगळा कंटेनर अडला. एजंटनं ‘कितु किडोगो’ सुचवलं, म्हणजे ‘थोडंसं काहीतरी’. मी नाही म्हणालो. रोजचं भाडं चढत गेलं. नाही म्हणणं महाग पडतं, हे नव्यानं जाणाऱ्यांनी पक्कं धरून चालावं आणि तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवावेत. एकदा हो म्हटलं की पुढच्या प्रत्येक कंटेनरला ते द्यावंच लागतं.

हे सगळं मला माहीत असूनही गुरुवार गेल्यावर मी फोनवर म्हणालो, सोमवारी नक्की. सोमवारनंतर म्हणालो, शुक्रवार. मला खोटं बोलायचं नव्हतं. समोरच्याला काहीतरी ठोस द्यावं, तारीख दिली की धीर येतो, अशी माझी समजूत होती. शुक्रवारनंतर फोन येणं बंद झालं आणि मला हायसं वाटलं.

माझी अंडरस्टडी सोमवारी संध्याकाळी टेबलाशी येऊन उभी राहिली. “बॉस, त्या फोन करत नाहीत कारण तुमच्या तारखेचा त्यांना उपयोग उरलेला नाही. उद्या जाऊ या.”

“पार्ट नाहीत. जाऊन करू काय?”

“पार्ट नाहीत, एवढं तरी सांगू.”

आम्ही पहाटे चारला निघालो. पोचलो तेव्हा चामाची बैठक चर्चच्या पडवीत भरली होती, बाहेर बारीक पाऊस. आधी सगळ्यांशी हस्तांदोलन, घरच्यांची चौकशी, प्रवासाची चौकशी, दूध घालून उकळलेला चहा. अर्धा तास मशिनाचं नावही कुणी काढलं नाही. मग खजिनदार बाईंनी शाळकरी वही उघडली. रेघांची, कोपरे दुमडलेली, आत हप्त्यांचे आणि दंडाचे रकाने. नोव्हेंबरच्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: १४ तारेहे, माशिने बंद, इंजिनिअर म्हणाले १६. खाली: इंजिनिअर म्हणाले २०. त्याखाली: इंजिनिअर म्हणाले २४. तिन्ही ओळींपुढे लाल पेनानं एक-एक फुली.

त्यांनी ते माझ्यासाठी वाचून दाखवलं नाही. बैठकीचं कामकाज म्हणून, बाकीच्या ओळी वाचतात त्याच आवाजात वाचलं. काढणीचे दोन आठवडे गिरणी बंद, गावातलं दळण दुसऱ्या गिरणीवर गेलं, चालवणाऱ्या मुलाचा पगार मात्र द्यावा लागला. मी उभं राहून सांगितलं की पार्ट बंदरात अडकले आहेत, चूक आमची आहे, आणि ते कधी सुटतील हे मला माहीत नाही. स्वाहिलीत ‘मला माहीत नाही’ म्हणजे सिजुई. इतक्या महिन्यांत एखाद्या गिऱ्हाइकासमोर तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. बायका आपसात त्यांच्या बुकुसू भाषेत काहीतरी बोलल्या. मग मी विचारलं, उशिरा येणारीला दंड किती? पन्नास शिलिंग. तुम्ही सभासद नाही, सेक्रेटरी बाई म्हणाल्या, तुम्हाला लावता येत नाही. मी म्हटलं, लावा. तीन तारखांचे दीडशे शिलिंग मी दिले आणि बाईंनी रीतसर पावती फाडली. ती अजून माझ्या पाकिटात आहे.

हप्त्याची ५ तारीख आठवड्यावर आली होती. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनीच विषय काढला आणि म्हणाल्या, तुताओना. त्या पडवीत मला तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. गिरणी बंद, पैसे हातात नाहीत. जे हातात नाही त्याची तारीख त्या मला देत नव्हत्या.

पुढचा दीड दिवस मी तिथे जे पाहिलं ते कुठल्याही कॉलेजात शिकलो नव्हतो. बाजाराच्या टोकाला एक फुंडी होता. फुंडी म्हणजे कारागीर. गवंडी, शिंपी, मेकॅनिक सगळे फुंडीच. याचं वेल्डिंगचं शेड म्हणजे चार खांब आणि अर्धं छप्पर. अशा उघड्यावरच्या उद्योगांना तिथे ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक ऊन. त्यानं आमची झिजलेली हातोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, नखानं धार चाचपली आणि लॉरीच्या जुन्या कमानपाट्यांच्या ढिगातून दोन पाटे ओढले. कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. ग्राइंडरनं पट्ट्या कापल्या, दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे एक बाजू झिजली की हातोडी उलटी लावता येते. कोळशाच्या भट्टीत कडा लाल केल्या आणि जळक्या इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवल्या. काळ्या धुराचा लोट आला. अशा चोवीस.

मग मी एक गोष्ट सांगितली, मला जी खरोखर येत होती. रोटरवर समोरासमोर बसणाऱ्या हातोड्यांचं वजन सारखं हवं, नाहीतर मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. वजनकाटा कुठे? शेजारच्या दुक्यातला साखर मोजायचा काटा आणला. तो एक-एक हातोडी काट्यावर ठेवायचा, मी खडूनं तिच्यावर ग्रॅम लिहायचो, आणि जोड्या लावायचो. जी जड भरली ती तो दोन घासे मारून परत ठेवायचा. चौदाव्या-पंधराव्या हातोडीनंतर तो वजन आधी तोंडानं सांगायला लागला आणि पाच-सात ग्रॅमच्या आत बरोबर यायचं. चाळणी वेबुयेच्या दुकानात मिळाली, आमच्या मापाची नव्हती, ती एका कडेनं कापून बसवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन सुरू केलं. मी बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवून उभा राहिलो. थरथर नव्हती. खजिनदार बाईंनी पिशवीच्या तोंडाशी ओंजळ धरली, गरम पीठ दोन बोटांत चोळून पाहिलं आणि मान हलवली. ५ डिसेंबरचा हप्ता आला नाही. १९ तारखेला आला. कंटेनर त्याच्या पाच दिवस आधी सुटला होता.

फुंडीच्या त्या हातोड्या साडेतीन महिने चालल्या. आमच्या कारखान्यातल्या त्याहून जास्त टिकतात. पण त्याच्या संपल्या तर नव्या मिळायला पायी दहा मिनिटं लागतात.

मी परत आल्यावर कंपनीला लिहिलं की प्रत्येक मशिनाबरोबर हातोड्यांचा एक जास्तीचा संच आणि दोन चाळण्या द्यायच्या, आणि हातोडीचं ड्रॉइंग गावागावांतल्या फुंडींना द्यायचं. पहिलं लगेच मान्य झालं. दुसऱ्यावर तीन महिने वाद चालला. ड्रॉइंग दिलं तर ते आपलं मशीन बनवतील, असं म्हणणं होतं. नैरोबीत कामुकुंजीच्या पत्र्याच्या शेडांत आमच्या मिलची नक्कल आधीपासूनच होत होती, निम्म्या किमतीत; मी तिचे फोटो पाठवले. नक्कल करणाऱ्याला आपल्या कागदाची गरज नाही, दुरुस्ती करणाऱ्याला आहे, हे मी पुन्हा पुन्हा मांडत राहिलो, आणि आजही माझं मत तेच आहे. शेवटी परवानगी आली. अंडरस्टडीनं किटाले, बुंगोमा आणि काकामेगात मिळून अकरा फुंडी गाठले, दोन-दोन दिवस शिकवलं. त्यांना मान देऊन बोलायचं, शिकवायला आलोय असं दाखवायचं नाही, हे तिला उपजत येतं. मला शिकावं लागलं.

व्यापाऱ्यांसाठीही पद्धत बदलली. भाव सांगायचा तो सात दिवसांपुरता, रोखीचा वेगळा आणि उधारीचा वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नवे रोखे काढून जुन्यांतला मोठा हिस्सा परत घेतला, बाजाराची धास्ती गेली आणि शिलिंग मार्चअखेर १३० च्या आसपास येऊन ठेपला. १६० च्या भावानं माल उचललेले व्यापारी आता उलट्या बाजूनं पोळले. दोघांचं बिल मात्र जुन्या भावानं असताना मी फरक सोडून दिला. कंपनीला ते फारसं रुचलं नाही. पण जे वाढताना मी त्यांच्याकडून मागितलं असतं ते उतरताना न देणं मला जमलं नाही.

मग जून आला. करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर उतरली. अंडरस्टडीनं २५ जूनची रजा मागितली, कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी दुपारी जमाव संसदेत शिरला, गोळीबार झाला, माणसं मेली. तिचा फोन बंद. मी आणि बायको टीव्हीसमोर बसून होतो. मुलगी तोवर स्वाहिली आमच्यापेक्षा बरी बोलायला लागली होती, तिला रस्त्यावरच्या घोषणा कळत होत्या आणि ती आम्हाला सांगत होती. रात्री सव्वादहाला मेसेज आला: निको सावा. मी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. ती गुरुवारी कामावर आली, आवाज बसलेला, आणि अडकलेल्या पार्सलांची यादी घेऊन बसली.

किमिलिलीचा शेवटचा हप्ता ५ जुलैला यायचा होता. ३ तारखेला खजिनदार बाईंचा फोन आला. या गडबडीत बाजार भरला नव्हता, वसुली अर्धवट होती. हप्ता ८ तारखेला येईल, असं त्यांनी सांगितलं. तुताओना म्हणाल्या नाहीत, तारीख सांगितली, म्हणून मी ती वहीत लिहिली. ८ जुलैला सकाळी आठच्या आत एम-पेसाचा मेसेज आला, साडेबारा हजार, कन्फर्म्ड.

दुपारी त्यांनी पुन्हा फोन केला. चामाला आता मक्याचं साल काढायचं मशीन हवं होतं, हलर. पांढरं पीठ मागणारं गिऱ्हाईक वाढलंय म्हणे. कधी मिळेल?

“दोन हलर जहाजात आहेत, मामा. मोंबासाला अजून लागलेलं नाही. माल बंदरातून सुटला की मी फोन करतो.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“म्हणजे लिहू काय? जहाजात आहे, असं?”

“तसंच लिहा.”